भ्यालेली वीज

खंडेनवमीला महिपती कुंभारने घरातला लेथ पुसला, पाने-पक्कडी पाटावर मांडल्या आणि दारातल्या जुन्या गाडीला झेंडूची माळ घातली. आज कुठलंच यंत्र चालवायचं नाही, हा उद्यमनगरच्या कारखान्यात चाळीस वर्षं पाळलेला नेम. म्हणून डिकीतला चिमुकला पंपही त्याने बंद केला. तिथेच चुकलं.

गाडी मूळची पेट्रोलची. पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा त्याने घरीच इंजिन उतरवलं, लेथवर जोडचकती कातली आणि गिअरबॉक्सला विजेची मोटर बसवली. लिथियमची बॅटरी काही मिळाली नाही. मिळालं ते वीजमांस: वीज सोडणाऱ्या माशाच्या पेशी वाढवून पेटीत भरलेला गोळा. पंपाने साखरपाणी पाजत राहायचं, तो वीज देत राहतो. नाव ऐकूनच घास घशाखाली उतरू नये असला प्रकार! पण वाडीत दुसरी गाडी नव्हती, आणि बायकोला, अक्काताईला, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला कोल्हापूर गाठावं लागे.

दसऱ्याच्या सकाळी गाडी जागची हलेना. महिपतीने पेटीचं झाकण उघडलं आणि नाक दाबलं. नासक्या मासळीचा भपकारा आला. एरवी पेटीभर पसरलेला तो करडा, बुळबुळीत गोळा नळीच्या तोंडाशी जाऊन चिकटला होता. त्याने पेचकस लावून पाहिला. गोळा आक्रसून मागे सरला.

 महिपतीने पंप सुरू केला, हात तीनदा साबणाने धुतले आणि वीजमांस विकणाऱ्या कंपनीला फोन लावला.

"बाई, हे तुमचं हलतंय की!"

"उपाशी राहिलंय, काका. तासाभरात ठीक होईल," पलीकडची मुलगी म्हणाली.

"पण पेचकस लावला तर मागं सरलं."

"धोका जाणवला की पेशी वीज सोडतात. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा आपण तो धोकाच जाणवून देतो. जास्त दाबलं की जास्त."

"म्हंजे त्याला भेव घालतो?"

"आम्ही त्याला उद्दीपन म्हणतो, काका."

उद्दीपन! त्या गुळगुळीत शब्दाची महिपतीला गोळ्याहून जास्त शिसारी आली. तीन आठवडे आपण रुबाबात गाडी हाकत होतो ती असल्या घाणेरड्या कामाच्या जोरावर, हे त्याला सहन होईना.

अक्काताई मागे उभी राहून सगळं ऐकत होती. पाय सुजलेले, बोलताना धाप लागत होती. तिने पेटीत वाकून पाहिलं. नळीशी चिकटलेला गोळा घाईघाईने साखरपाणी ओढत होता.

"न्हाई जायाचं मला," ती म्हणाली.

"खुळी हाईस का? आज चुकलं तर सोमवार उजाडंल. तवर छातीत पाणी चढंल."

ती उंबऱ्यावर जाऊन बसली. तासाभराने त्यानेच तिला हाताला धरून बसवलं.

सपाटीवर त्याने पाय अगदी हलका ठेवला. खिंडीचा चढ लागला तशी गाडी मंदावली, मग थांबली आणि मागे घसरू लागली. शेजारी अक्काताईचा श्वास घरघरत होता. महिपतीने दात आवळले आणि पाय पार तळाला दाबला. गाडी झटक्यात वर निघाली.

अक्काताईने डायलिसिससाठी नस जोडून घेतलेला, फिस्तुलाचा हात छातीशी धरला. दर खेपेला जाड सुई टोचायच्या आधी तो असाच आखडायचा.

"अवो," तिने विचारलं, "आता किती भ्यालं असंल ते?"