मार्गवहीत खारणेवाडी

चित्रं जात होती, पण आदेश येत नव्हते. असं कसं होतं, हे मैथिली तांडेलला कळेना.

खारणेवाडीच्या कासव दवाखान्यात सकाळपासून कासवाची एक मोठी मादी टेबलावर होती. तिच्या घशात मासेमारीचा गळ रुतला होता. तो काढणार होती चिंबोरी, म्हणजे खेकड्यासारखं सहा नांग्यांचं यंत्र. या नांग्या हलवणार होत्या डॉक्टर कुंभारे, आणि त्या होत्या दूर हिंदी महासागरातल्या एका बेटावर. २०४७ साली अशा शस्त्रक्रिया नव्या राहिल्या नव्हत्या.

डॉक्टरांचा उपग्रह फोन आला. "मला घसा स्वच्छ दिसतोय. मी दोनदा आदेश दिला. नांगी हलली?"

"तसूभरही नाही," मैथिलीचे आजोबा म्हणाले.

"संध्याकाळपर्यंत ती तग धरेल, हरेश्वरकाका. उद्यावर मात्र टाकू नका."

हरेश्वर आजोबांनी चाळीस वर्षं इंटरनेटची जाळी उभारली होती. गेल्याच आठवड्यात त्यांनी खारणेवाडीचं स्वतःचं जाळं सुरू केलं होतं. त्यांनी पुण्यातल्या एका मैत्रिणीला आदेश पाठवायला सांगितलं. चिंबोरीने लगेच नांगी उचलली!

"यंत्र ठीक आहे," आजोबा पुटपुटले. "अडचण वाटेत आहे."

"पण आपली चित्रं त्याच वाटेने पोचतायत ना?" मैथिलीने विचारलं.

"जायची वाट आणि यायची वाट वेगळी असू शकते, बाळा. इंटरनेट म्हणजे एक जाळं नव्हे. हजारो स्वतंत्र जाळी एकमेकांना जोडलेली असतात. प्रत्येकाला एक क्रमांक असतो आणि यंत्रांसाठी पत्ते असतात. प्रत्येक जाळं शेजाऱ्याला सांगतं, 'हे पत्ते माझ्याकडे आहेत.' शेजारी ते पुढच्याला सांगतो. या सांगण्याच्या पद्धतीला बीजीपी म्हणतात (जाळ्यांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची ठरलेली रीत). बेटाचं जाळं आपल्याला माहीत आहे, म्हणून चित्रं जातात. पण बेटाकडच्या कुणीतरी आपलं सांगणं मानलेलं नाही. त्यांच्या लेखी खारणेवाडी नाहीच!"

"का नाही मानलं?"

"तूच सांग. उद्या कुणी खोटंच म्हणालं की, खारणेवाडीचे पत्ते माझ्याकडे आहेत, तर?"

मैथिली विचारात पडली. "तर डॉक्टरांचे आदेश त्याच्याकडे जातील."

"खोटं कशाला, एक आकडा चुकला तरी तेच होईल. म्हणून मार्गवह्या असतात (कोणते पत्ते कोणत्या जाळ्याने जाहीर करायचे, याच्या सार्वजनिक नोंदी). सावध जाळी त्यात बघतात. नोंद नसेल तर सांगणं सोडून देतात. पुण्याच्या जाळ्याने नुसता विश्वास ठेवला. बेटाकडे जाणारी समुद्रातली केबल चालवणारं जाळं काटेकोर आहे."

"मग आपली नोंद..."

आजोबांनी चष्मा काढला. "राहिली. सुरू करायच्या घाईत मीच म्हटलं, नंतर करू."

मैथिलीने कासवाकडे पाहिलं. "आजोबा, त्या केबलवाल्यांना फोन करा ना! म्हणावं, आजच्या दिवस न बघता येऊ द्या."

"तिथे माझा ओळखीचा माणूस आहे. ऐकेलही तो. पण मग उद्या दुसऱ्या कुणाचं खोटंही असंच आत येईल. वही आपलंही रक्षण करते, मैथिली. चल, नोंद करू. तू वाचून बघ."

पत्ते ज्या संस्थेकडून मिळाले होते, तिच्याच वहीत आजोबांनी लिहिलं: पत्त्यांचा गट, जाळ्याचा क्रमांक, सांभाळणाऱ्याचं नाव. मैथिली संस्थेचं पत्र हातात धरून एकेक आकडा ताडून पाहू लागली.

"थांबा! पत्रात ६४५०१ आहे. तुम्ही ६४५१० लिहिलंत."

आजोबांनी वाकून पाहिलं. "बाप रे. आपले पत्ते भलत्याच जाळ्याच्या नावावर लागले असते. शाबास!"

दुरुस्त नोंद गेली. तरी चिंबोरी हलली नाही.

"केबलवालं जाळं ठरावीक वेळाने वही वाचून आपली यादी नवी करतं," आजोबांनी समजावलं. "पुढची वेळ तीनची."

मग दोघं ओल्या फडक्यांनी कासवाची पाठ भिजवत बसली. तिचा श्वास मधूनच घरघरत होता. मैथिली तिच्याशी हळू आवाजात बोलत राहिली.

तीन वाजून चार मिनिटांनी चिंबोरीची पुढची नांगी अलगद उचलली गेली.

"आजोबा!"

"आता तुमच्यापर्यंत पोचतंय ना?" डॉक्टरांचा आवाज आता जाळ्यावरूनच आला. अर्ध्या तासात वाकडा, गंजलेला गळ वाटीत टणकन पडला. कासवाने मोठा श्वास घेतला. मैथिलीने आजोबांचा हात घट्ट धरला.

"एक विचारू?" डॉक्टर म्हणाल्या. "इथली दोन बेटं स्वतःची जाळी सुरू करतायत. आज काय झालं ते त्यांना लिहून कळवाल?"

"ही लिहील," आजोबा म्हणाले.

मैथिली लगेच खिडकीपाशी बसली. बाहेर भरतीचं पाणी चढत होतं. तिने पहिली ओळ लिहिली: "जाळं सुरू करायच्या आधी मार्गवहीत नोंद करा, आणि आकडे दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या."