वीतभर उतरलेलं पानी

मासे मेले की लोकं पयले माझ्यासारख्या दुकानदाराले शिव्या देतेत. सोताच्या हातानं टाकीत काय ओतलं, ते सांगत नाईत. म्हनून अनसिंगच्या उदयसिंगचा फोन आला, "जगदेवभाऊ, अजून एक मेला," तवा मी वाशीमहून निघालो ते तावातच. आता बसलाच हायेस तं ऐक.

समुद्रातले मासे, खारं पानी. आपल्या भागात असली टाकी कोनी ठेवत नाई. उदयसिंगनं आनली ती पोरीसाठी. त्याची बायको पल्लवी वारली, तवापासून रेणू मुकी झाल्यावानी बसे. हे पट्ट्यापट्ट्याचे मासे आले तशी पोरगी टाकीपाशी बसून बोलू लागली. सारे मासे मेले असते तं ती पुन्हा गप्प झाली असती. बापाचा जीव त्यातच अडकला होता.

मी पोचलो तवा दुपार कलली होती. घरात खारट वास, ओले कपडे कोंदून ठेवल्यावानी. मिठाचं माप लावलं तं मीठ निम्म्यावर आलेलं. मासे त्यानंच मरत होते. म्या त्याले झापलं, एवढं साधं पानी कायले ओतलं? तो म्हने, रोज सकाळी पानी वीतभर खाली असते, तेवढंच भरतो. तुमीच सांगतलं होतं, पानी उडते, मीठ उडत नाई.

सांगतलं होतं, खरं हाये. पन उडून गेलं असतं तं मीठ मागं राह्यलं असतं. हे तं मिठासगट जाऊन राह्यलं होतं. म्हन्जे गळती. म्या काचेचे सांधे चाचपले, खाली कागद सरकवला, फरशीवर पालथा पडून पाह्यलं. ठनठनीत कोरडं. मंग पानी जाते कुठं?

"आई पेते," रेणू म्हनली.

मंग हळू आवाजात उदयसिंगनं सांगतलं. पल्लवीचं आपरेशन झालं होतं, डॉक्टरनं पानी बंद ठेवलं होतं. रातभर ती पानी पानी करे. यानं कापसाचा ओला बोळाबी ओठाले लावला नाई. पहाटं ती तशीच गेली. मरताना मान्साच्या तोंडात पानी घालतेत, तेबी पडलं नाई.

म्या म्हनलं, सोपं हाये, मंग आता पाज. त्यानं गोड्या पान्याचा गडवा भरून टाकीपाशी ठेवला, हात जोडले. आमी पाहत बसलो. टाकीतले बुडबुडे थांबले... हवेची मोटार तं सुरूच होती.

रेणूनं काचेले कान लावला.

"बाबा... तुमच्या हातचं नको म्हन्ते."

मंग पोरीनंच गडवा उचलला, दोन्ही हातांनी धरून ठेवला. तिचं तोंड मिटलेलं होतं. गडवा मातर रिकामा झाला.

त्या दिवसापासून टाकीचं पानी बोटभरबी उतरलं नाई. म्या नवीन मासे नेऊन सोडले, ते मस्त फिरतेत. रेणू शाळेत जाऊ लागली, हसतेबी. मले वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

पन उदयसिंगले पानी जाईना. घोट घेतला की थुंकून टाके, खारट लागते म्हने. त्याच्याच गिलासातलं म्या पेऊन पाह्यलं, चांगलं गोड होतं. शेवटी त्याले वाशीमले दवाखान्यात टाकलं, सलाईन लावली. काल भेटायले गेलो तं ओठ उकललेले, डोळे मिटलेले. नर्स म्हने, हाताची सुई बदलायची हाये, नवी बाटली टांगली पन नळी बंद ठेवली. येतेच म्हनून ती गेली.

म्या भेत भेतच वर पाह्यलं. नळी बंदच होती. बाटलीतलं पानी मातर उतरून राह्यलं होतं... घोटाघोटानं.