काठावरची बारा रोपं

काचघराच्या काचेवर आतून वाफ धरली होती, त्यामुळे नेवेनाला आधी दिसले ते फक्त बूट. शहरी, पातळ तळव्यांचे. यांतरा नदीकाठच्या चिखलात असे बूट घालणारा माणूस एकतर वाट चुकलेला असतो, नाहीतर नुकताच राहायला आलेला.

"आत येऊ का? गारा पडतायत."

"ये, पण दार लावून घे. ही ऊब घोड्याच्या लिदीची आहे, गावभर वाटायला नाही."

तो रादको. शेजारच्या बंद घरात, त्याचे आजोबा गेल्यावर, फेब्रुवारीच्या सुरुवातीला येऊन राहिलेला. लिदीवर पसरलेली काळी माती आणि तिच्यातली टोमॅटोची बोटभर रोपं तो खाली वाकून बघत राहिला. एप्रिल अर्धा सरला होता, तरी आलुबुखाराला फूल नव्हतं. मार्चच्या एक तारखेला मनगटावर बांधलेला लाल-पांढरा दोरा पहिल्या फुललेल्या झाडाला बांधायचा, अशी इथली रीत. यंदा झाडंच फुलेनात, म्हणून साऱ्या गावाच्या मनगटांवर दोरे मळून राखाडी झाले होते. त्याच्याही मनगटावर होता. कुणी बांधला असेल, असं नेवेनाच्या मनात येऊन गेलं... उगीचच.

"माझी सगळी मेली," तो म्हणाला. "फेब्रुवारीतच पेरली, दह्याच्या डब्यांत. लांबसडक वाढली आणि मग आडवी."

"घाई केलीस."

"भावाने मुदत दिलीय. संत गेओर्गीच्या सणापर्यंत रोपं जगवून दाखव, नाहीतर घर विकू आणि माझ्याबरोबर प्लोवदिवच्या कारखान्यात चल, म्हणतो."

सण तीन आठवड्यांवर होता. नेवेनाने बारा रोपं उपटून ओल्या कागदात गुंडाळली.

"आभारी आहे," तो म्हणाला.

कोपऱ्यात लसूण निवडत बसलेल्या स्तोयना आत्याने कपाळावर हात मारला. "गेली म्हण ती रोपं. आभार मानलेले रोपांना सोसत नाहीत. एवढंही शिकवलं नाही का रे तुला शहरात?"

चौथ्या दिवशी हिव पडलं आणि बाराच्या बारा काळी पडली. तो कुंपणाशी आला. तसा तो एव्हाना रोजच यायचा; कधी फावडं मागायला, कधी फावडं परत करायला.

"आत्या जिंकल्या."

"उघड्यावर लावली होतीस?"

"ऊन पडलं होतं..."

"एप्रिलच्या उन्हावर विश्वास ठेवलास. आणखी कुणाकुणावर ठेवतोस?"

"सध्या तुझ्यावर ठेवून बघतोय."

नेवेनाने ओढणीची गाठ सोडली आणि पुन्हा तशीच बांधली. "तुला दिलेली लागत नाहीत. चोरलेलं रोप लागतं, असं मानतात इथे."

"कुठून चोरू?"

"मी सांगितलं तर ती चोरी कसली? बारा ते एक आम्ही जेवतो, कुत्रा बहिरा आहे, दाराची कडी सैल आहे — हे आपलं सहज सांगतेय."

दुसऱ्या दिवशी ती घेवड्याच्या सुपात चमचा फिरवत बसली.

"रोज दहा मिनिटांत उठतेस," आत्या म्हणाली. "आज दाणा दाणा ओळखून खातेयस का?"

एक वाजून गेल्यावर ती काचघरात गेली. बारा खड्डे होते. पण मधल्या ओळीतली जाड देठांची, जांभळट बुंध्यांची रोपं जागची हलली नव्हती. त्याने नेली होती ती काठावरची, जिथे लिदीची ऊब पोचत नाही तिथली, पिवळी, काडीसारखी.

चोरी करतानाही हा माणूस दुसऱ्याचं नुकसान वाचवत होता. नेवेनाला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच थांबलं. ती रोपं सणापर्यंत टिकायची नाहीत. मग घर विकलं जाईल, ते पातळ बूट प्लोवदिवला जातील, आणि कुंपणाशी फावडं तेवढं उरेल.

रविवारी सकाळी तो पाव आणायला पावाच्या गाडीवर गेलेला पाहून ती बारा डबे भरून निघाली. त्याच्या ओसरीवर तसेच बारा डबे उन्हाला ठेवलेले होते. सात बदलून झाले, आणि फाटक वाजलं. बगलेत पाव घेऊन तो उभा होता.

"चोरी?"

"बदली. मरतुकडी उचलून नेलीस ती. चोराला एवढी भीड बरी नाही."

"चांगली तुला बाजारात न्यायची होती."

"बाजाराचं मी बघेन. मला तू..." ती हातातल्या डब्याशी बोलल्यासारखी म्हणाली, "मला तू सणानंतरही इथे हवा आहेस. घे, बोलले."

त्याने पाव कठड्यावर ठेवला आणि तोंड उघडलं. तिने मातीचं बोट उगारलं.

"आभार मानलेस तर ही पाच परत नेईन."

"मग काय म्हणू?"

ती त्याच्या खांद्यापलीकडे बघत होती. आलुबुखाराच्या खालच्या फांदीवर तीन फुलं उमलली होती, जेमतेम. त्याने वळून पाहिलं, मनगटावरची गाठ दातांनी सोडवली आणि दोरा फांदीला बांधून आला.

"कुणी बांधला होता तो?"

"पाववाल्या आजीने. का?"

"सहज."

तो तिच्या शेजारी बसला आणि आठवा डबा पुढे ओढला. बोटाने खड्डा करायचा, मुळं सोडायची, माती हलकी दाबायची. या वेळी त्याने घाई केली नाही.

"आणि ही पण नाही जगली तर?" तिने विचारलं.

"तरी थांबणार आहे. भावाला कालच कळवलंय." त्याने रोपांकडे बघत आवाज खाली आणला. "पण यांच्यासमोर नको बोलूस. आळस करतील."