हात कुणी सोडला?

उजव्या हातात काहीही धरायचं कालिंदी चौगुलेनं बंद केलं होतं. चहाचा कप डाव्या हातात, जिन्याचा कठडा डाव्या हातानं, आणि बहिणीची पोर कडेवर घ्यायची वेळ आली की "खांदा दुखतोय गं" अशी सरळ थाप. खांद्याला काही झालं नव्हतं. पंचवीस वर्षं ज्या हातावर तिनं पोट भरलं, त्याच हातावर आता ती चोरावर ठेवावी तशी पाळत ठेवून होती.

खरं तर तिच्या धंद्यात पडून मरायचे दिवस केव्हाच सरले होते. 'पाठराखा' आला आणि सगळं बदललं. सिनेमात उड्या मारणारे, अडथळ्यांच्या शर्यती पळणारे, उंच इमारतींना रंग देणारे, सगळ्यांच्या मानेत, कण्याला लागून, तांदळाच्या दाण्याएवढं हे यंत्र बसवलेलं असायचं. माणूस घसरला की आपण पडतोय हे मनाला कळायला सेकंदाचा तिसरा हिस्सा जातो. तेवढ्यात जे मोडायचं ते मोडतं. पाठराखा मनाची वाट बघत बसत नसे. पाय सरकला रे सरकला की तो परस्पर स्नायूंना हुकूम सोडायचा: गुडघे दुमड, मान आत घे, कूस बदल. माणसाला वाटायचं, वा, काय सावरलो मी! निर्माते तर इतके निर्धास्त झाले की कमरेला बांधायच्या तारासुद्धा त्यांनी काढून टाकल्या. पडद्यावरून तारा पुसत बसायची कटकट गेली म्हणून वर खूष.

अशा या जगात मार्च महिन्यात दस्तगीर मुलाणी अठरा फुटांवरून पडला. कालिंदीच्या हातातून पडला.

कालिंदी कागलची. आठव्या वर्षी दोरीच्या मल्लखांबावर चढली आणि अठराव्या वर्षी एका नटीच्या जागी, शालू नेसून, विहिरीत उडी घेतली. त्यानंतर ती किती जणींसाठी जिन्यावरून गडगडली, घोड्यावरून फेकली गेली, पेटत्या मांडवातून पळाली, ते तिलाही सांगता आलं नसतं. चेहरा मात्र कधी दिसला नाही. आई शेवटपर्यंत विचारायची, "अगं, पण ह्यात तू कुठली?" तिशी उलटल्यावर ती 'अडसर'मध्ये उतरली. वारणेकाठच्या एका बंद साखर कारखान्यात भरणारी ही अडथळ्यांची शर्यत. पूर्वी जिथं उसाच्या मोळ्या पडायच्या त्या गव्हाणीवर आता फिरते दांडे टांगलेले, खाली स्पंजचे ठोकळे भरलेले. तिथं लोकांनी पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला. तीनदा ती जिंकली.

जिंकायची कशावर, तर सोडण्यावर. बाकीचे दांड्याला वटवाघळासारखे चिकटून बसायचे आणि खांदा निखळवून घ्यायचे. कालिंदीचा हात नेमक्या क्षणी सुटायचा. तिला हे शिकवलं दस्तगीरनं. सिनेमात तो तिचा जोडीदार, शर्यतीत तिचा गुरू. रोज सकाळी गव्हाणीच्या काठावर उभा राहून तो खड्या आवाजात हाळी द्यायचा, "कालिंदे, सोड!" नऊ वर्षं हेच.

आणि त्या दिवशी पाण्याच्या टाकीवर चित्रीकरण चालू असताना दोघांच्या पायाखालची फळी निसटली. कालिंदीच्या डाव्या हातात शिडी, उजव्या हातात दस्तगीरचं मनगट. दोन श्वास ते तसेच लोंबकळले. मग मनगट सुटलं. खाली गादी होती, पण दस्तगीर नेमका गादीच्या लाकडी चौकटीवर आपटला. त्याच्या पाठराख्यानं त्याची मान वाचवली. कंबर काही त्याला वाचवता आली नाही.

चारच दिवसांत पाठराखा विकणाऱ्या कंपनीचं पत्र आलं: यंत्र निर्दोष आहे. पाठोपाठ फळांची करंडी घेऊन एक गोडबोल्या माणूस आला आणि कालिंदीला म्हणाला, "ताई, माणूस आहे, हात सुटतो. मनाला लावून घेऊ नका." इथं तिच्या मनात पाल चुकचुकली. इतकं गोड कशाला बोलायचं? कुठंतरी पाणी मुरत होतं. यंत्रानं आपल्या मालकिणीला वाचवायला खालचं ओझं टाकून दिलं असणार, दुसरं काय?

पण खरी गोम वेगळीच होती आणि ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. तिला आठवत होतं. हात सुटला त्या वेळी तिच्या डोक्यात, तिच्याच आवाजात, अगदी शांतपणे शब्द उमटले होते: सोड आता.

सख्ख्या भावासारखा माणूस हातात लटकत असताना आपण असं म्हटलं? या विचारानं तिला जेवण जाईना.

शेवटी ती पाठराखा बनवणाऱ्या डॉक्टर बर्व्यांकडे जाऊन धडकली. प्रयोगशाळा कोल्हापुरातच होती. बर्वे पन्नाशीचे, हडकुळे, समोरच्याला लिमलेटची गोळी देऊन मगच बोलायला लागणारे. कालिंदीनं गोळी घेतली नाही.

"मला त्या दिवसाची नोंद दाखवा," ती म्हणाली. "आणि कंपनीला इचारून सांगतो असलं काही नको."

"कशाला विचारू? नोंद तुमच्या अंगातली आहे," बर्वे म्हणाले. त्यांनी पडद्यावर दोन रेघा आणल्या. "ही वरची पाठराख्याची. ही खालची तुमच्या मेंदूची. इथे बोटं उघडायचा हुकूम सुटला. बघा, आधी वरची रेघ हलली."

कालिंदी खुर्चीवरून उठलीच. "म्हंजे त्यानं सोडला! मी न्हाई!"

"हो. हुकूम त्याचा."

"मग मला का आठवतंय मी सोड म्हटलेलं?" तोंडातून निघून गेलं आणि ती ओशाळली.

बर्वे जराही चकित झाले नाहीत. "तव्याला हात लागला की हात आधी मागे येतो, भाजल्याचं नंतर कळतं. पण विचाराल तर माणूस सांगतो, भाजलं म्हणून मी हात काढला. मन उशिरा पोहोचतं आणि झालेल्या गोष्टीवर आपलं नाव घालतं. ते खोटं बोलत नाही, त्याला तसंच वाटतं. त्या आठवणीवर जाऊ नका, कालिंदीताई."

कालिंदीच्या छातीवरचा दगड उतरला. तिनं गोळी घेतली आणि तोंडात टाकली. तेवढ्यात बर्वे म्हणाले, "पण पाठराख्यात आम्ही काहीच भरत नाही. पहिले तीन महिने तो फक्त बघत असतो, तुमचं शरीर स्वतःला कसं सांभाळतं ते. नंतर तेच तो तुमच्याआधी करतो. हात सोडायचं तो शिकला असेल, तर तुमच्याकडूनच."

"हे बरंय तुमचं," कालिंदी उसळली. "यंत्र तुमचं आन् पाप माझं!"

दस्तगीरच्या घरी ती गेली तेव्हा तो खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. अपघातानंतर तो तिच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होता.

"मला भरपाई नको, काही नको," तो म्हणाला. "मला एवढंच कळू दे, तू सोडलास का त्यानं. त्यानं सोडला असंल तर तू उद्यापासनं पहिल्यासारखी घरी ये, तुझी जुलेखावहिनी तुझ्यासाठी जेवण करंल. पण तू सोडला असशील, तर कालिंदे, येऊ नकोस."

म्हणून मग तिनं बर्व्यांना आव्हान दिलं. पाठराखा बंद करायचा आणि तिच्या हाताला खुद्द बर्व्यांनी लटकायचं. आपलाच हात सोडतो की धरतो, ते सगळ्यांना दिसू दे. तिला वाटलं होतं, डॉक्टर काहीतरी कारण काढतील. ते म्हणाले, "रविवारी चालेल?" त्यामुळं तिचा संशय आणखीच वाढला.

रविवारी सकाळी कारखान्यात तिघंच होते. गव्हाणीवरच्या दांड्याला कालिंदी डाव्या हातानं लोंबकळली. शेजारच्या फळीवर बर्वे उभे राहिले, त्यांचं मनगट तिच्या उजव्या मुठीत. खाली स्पंज. काठावर दस्तगीर, आणि फळी पाडायची कळ त्याच्या मांडीवर. पाठराख्याला वीज मिळते ती मानेवर चिकटवलेल्या पट्टीतून. कालिंदीनं ती पट्टी वर चढण्याआधी स्वतःच्या हातानं उपटून खिशात घातली होती. डॉक्टरांच्या "बंद केलाय"वर ती विसंबणार नव्हती.

दस्तगीरनं कळ दाबली. फळी खाली गेली. बर्वे दाणकन लटकले, त्यांचा चष्मा उडाला. मूठ घट्ट राहिली. तिनं तीन आकडे मोजले आणि त्यांना अलगद स्पंजात सोडलं.

दुसऱ्यांदाही हात टिकला. तिसऱ्यांदा दस्तगीरनं मुद्दाम तिचं लक्ष नसताना कळ दाबली. तरीही टिकला.

"बघितलंस?" कालिंदी वरूनच ओरडली. तिचे डोळे भरून आले होते. "बघितलंस, दस्तगीर? माझा हात सोडत न्हाई!"

दस्तगीर कितीतरी महिन्यांनी हसला. "उतर खाली. जुलेखाला फोन लावतो, रस्सा टाक म्हणावं."

इथंच सगळं थांबलं असतं तर किती बरं झालं असतं! पण बर्वे स्पंजातून बाहेर येऊन अंगावरचे तुकडे झटकत उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"हे जुळत नाही," ते म्हणाले. "जे शरीर हातातला माणूस कधीच सोडत नाही, त्याच्याकडून पाठराखा सोडायला शिकणार नाही. त्या दिवशी आणखी काहीतरी घडलं असणार. दस्तगीरभाई, तुम्ही खाली लटकलेले असताना काय केलंत?"

"काय करणार? वरडलो."

"काय म्हणून?"

"काय म्हणून म्हंजे? कालिंदे, धर, म्हणून वरडलो. जीव चालला होता माझा."

चष्मा पुसत बर्वे पुन्हा शिडी चढायला लागले. "एकदा तसंच ओरडा," ते म्हणाले.

"अवो, आता झालं की सिद्ध!" कालिंदी म्हणाली. पण मनात नको ते आलं होतं, आणि ते खोटं ठरवायला तिनं दांडा धरला. बर्व्यांच्या मनगटाभोवती बोटं अशी आवळली की त्यांनी तोंड वाकडं केलं. नाही सोडणार, तिनं स्वतःला बजावलं. काही झालं तरी नाही.

फळी पडली. बर्वे लटकले. खालून दस्तगीरचा खडा आवाज आला.

"कालिंदे..."

पुढचा "धर" कानावर आला तेव्हा मूठ रिकामी होती. बर्वे स्पंजात पडलेले होते. आणि मग, हे सगळं होऊन गेल्यावर, तिच्या डोक्यात तिच्याच आवाजात शांतपणे शब्द उमटले: सोड आता.

ती तशीच लोंबकळत राहिली. खाली उतरायचं तिला सुचेना.

"पट्टी?" दस्तगीरनं घोगऱ्या आवाजात विचारलं. "पट्टी परत लागली का काय?"

"माझ्या खिशात हाय," कालिंदी म्हणाली.

बर्वे हळूच दस्तगीरला म्हणाले, "नऊ वर्षं तुमच्या हाकेनंतर 'सोड' आलं. शरीर पुढच्या शब्दासाठी थांबेनासं झालं. त्यातली चार वर्षं पाठराखा त्याच वाटेनं हुकूम धाडत होता, आणि ती वाट आता कण्यातच पडली आहे. आधी कुणी कुणाला शिकवलं, ते मलाही वेगळं करता येणार नाही."

"काढून टाका ते मानेतनं," कालिंदी म्हणाली. "आजच्या आज काढा."

"काढतो. पण आत्ता हात उघडला तेव्हा पाठराखा बंदच होता, ताई."

दस्तगीर आपल्या मांडीवरच्या कळीकडे बघत बसला होता. सहा महिने एकच प्रश्न घेऊन तो खिडकीशी बसला होता. उत्तर मिळालं होतं. कालिंदीला वाटलं, तो आता चिडेल, शिव्या घालेल. त्यानं फक्त कळ उचलून बर्व्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "चला, घरी जाऊ. जेवायला थांबलीय ती."

कारखान्याच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत उतार होता. कालिंदी त्याची खुर्ची मागून धरून सांभाळत उतरवत होती, दोन्ही हातांनी. बर्वे गाडी आणायला पुढं गेले होते. उताराच्या मध्यावर रस्ता खचून मोठा खड्डा पडला होता आणि त्यापलीकडं कालव्याचा काठ सुरू होत होता. कालिंदीला मागून तो दिसत नव्हता. दस्तगीरला दिसला. सवयीनं त्याची मान वळली, हाक द्यायला छातीत श्वास भरला, तिचं नाव थेट ओठांवर आलं.

त्यानं दोन्ही हात आपल्या तोंडावर दाबून धरले, आणि खुर्ची खड्ड्याकडं जात राहिली.