तळ्याची बांगडी

बांगड्यांच्या दुकानात विधवा बाई सहसा पाय ठेवत नाही. म्हणून वच्छला आरमोरीच्या बाजारओळीतल्या त्या पायरीशी येऊन उभी राहिली, तेव्हा धनराजला वाटलं, बाई रस्ता चुकली.

धनराज निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं त्याने जंगलातल्या गावांना टपाल पोचवलं आणि तीसही वर्षं भीत भीत पोचवलं. वाघाला भ्यायचा, कुत्र्याला भ्यायचा, आणि पिशवीतल्या तारेला सगळ्यात जास्त. आता तो रोज सकाळी रशिदाबाईच्या दुकानात चहा प्यायचा आणि तिच्या भानगडींत ओढला जायचा.

रशिदाबाई मनिहारीण. जन्मभर बायांचे हात हातात घेऊन बांगड्या भरता भरता तिला हातांवरून माणूस वाचायची सवय लागली होती. काही हरवलं, चोरीला गेलं, कोणी खोटं बोलतंय असं वाटलं, की लोक तिच्याकडे येत. पोलिसांकडे जायच्या आधी, आणि कधी पोलिसांकडून परत आल्यावर.

"ये, बस," ती वच्छलाला म्हणाली. "डोमाभाऊचं कानावर आलं."

डोमा तेंदूटोल्याचा पाणकर, म्हणजे तळ्याचं पाणी शेतांना वाटणारा माणूस. दरवर्षी पहिलं पाणी सोडताना तो रशिदाबाईकडून एकच हिरवी बांगडी न्यायचा आणि तळ्याच्या माउलीला वाहायचा. एक बांगडी मागणारं ते तिचं एकमेव गिऱ्हाईक.

"तो मेला ते आयकलं तुमी," वच्छला म्हणाली. "मेल्यावर रोज तळ्यावर येऊन पाणी सोडते, ते नाई आयकलं."

धनराजचा चहा बशीत सांडला.

हकीगत अशी होती. तळ्याच्या आत, पाळीपासून म्हणजे मातीच्या बांधापासून दहा पावलांवर, पाणी सोडायचं दगडी तुडुम उभं आहे. त्याला एकाखाली एक तीन भोकं. त्यात लाकडी खुंट्या ठोकलेल्या. पाणी उतरत जाईल तशी वरून एकेक खुंटी काढायची, दिवसा पाणी सोडायचं, सांजेला भोक बुजवायचं. यंदा पावसाने तीन आठवडे दडी मारली, आणि दाण्यावर आलेलं सगळं धान त्या तळ्याकडे डोळे लावून बसलं. दहा दिवसांपूर्वी उजाडल्यावर मधलं भोक वाहताना दिसलं आणि भोकाशी डोमा, बुडालेला.

"उजवा हात खांद्यापावतर आत," वच्छला म्हणाली. "हाताले दुपट्टा गुंडाळलेला. लोक म्हणतात, बिनापूजेचं पाणी चोरून सोडलं, माउलीनं ओढला. पोलिसांनी बुडून मेला असं लिवलं."

"तो गेला कधी तळ्यावर?"

"पहाटे. अंगात ताप होता. आदल्या सांजेला तं त्याच्या जागी त्याचा लहाना भाऊ पोचू गेला होता भोक बुजवायले. पहाटे यानं पाण्याचा आवाज आयकला अन् उठला. मी नको म्हणत होती."

"आणि आता?"

"आता पोचूच पाणकर हाय. रोज सांजेला भोक बुजवते, अन् कालवा थांबलेला समदे खालून पाहतात. अन् पहाटे मोकळं. चिखलात पाऊल नाई कोणाचं. मासे मरून पडतात." तिने पदर आवळला. "लोक म्हणतात, मी बोलावतो त्याले. काल छपरावर गोटे आले. आज दिवस बुडाच्या आत गाव सोड म्हणतात, नाई तं..."

धनराजला ते 'नाई तं' ठाऊक होतं. गावाने चेटकीण ठरवलेल्या एका बाईचं पत्र त्याने एकदा 'पत्ता सापडला नाही' लिहून परत नेलं होतं.

रशिदाबाईने फळी ओढून दुकान बंद केलं. "साडेदहाची एसटी मिळते, धनराजभाऊ. उठा."

"मी काऊन?"

"मी भ्याली तं सोबतीले कोणीतरी अनुभवी पाहिजे ना."

*

तेंदूटोल्यात माणसं होती, आवाज नव्हता. भर दुपारी दारं लावलेली. तळ्याच्या पाळीवर चिटपाखरू नाही. वच्छला येताना दिसली तशी विहिरीवरची बाई अर्धी भरलेली घागर घेऊन आत गेली.

पाळीखाली, कालव्याच्या तोंडाशी एकच माणूस बसला होता. आरमोरीचा बिलाल. तळ्यातल्या मासळीचा ठेका त्याचाच.

"देखो बाई," त्याने काठीने एक पांढरा पडलेला मासा उलटा केला. "दहा दिवसांत किती गेले. माझंच नुकसान, आणि लोक म्हणतात मीच तळं रिकामं करतो, जाळं टाकायला."

"तळ्यात पण मेले?"

"नाई ना. तळ्यात एक नाई. इथंच, कालव्यात."

रशिदाबाई वाकली. काठच्या गवताला वाळलेला फेस चिकटला होता, धुण्याच्या दगडाशी असतो तसा. तिने तो बोटांनी चुरून वास घेतला.

"हात लावू नका," धनराज म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्याहून बारीक निघाला.

"वर जाऊन पाहिलं तू?" तिने बिलालला विचारलं.

"मी? पाळीवर? माझी दोन लेकरं आहेत, बाई."

*

नानाजी गावचा वजनदार माणूस. पाळीखालची पहिली शेतं त्याची, मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल काढायचा घाणाही त्याचाच. वच्छलाला काढायचं फर्मान त्यानेच सुनावलं होतं.

"फुकट सुटलेलं पाणी आधी तुमच्याच शेतात येते, नानाजी," रशिदाबाई म्हणाली.

नानाजीने तिला बांधावर नेलं. त्याचं धान आडवं होऊन पाण्यात कुजत होतं. लोंब्यांना मोड आले होते.

"माझं कापणीले आलं होतं," तो म्हणाला. "शेवटच्या शेतांचं सुकून राह्यलं, माझं सडून राह्यलं. चार दिवसांचं पाणी उरलं तळ्यात. मले त्या बाईचं वैर नाई जी. पण गाव जगलं पाहिजे का नाई?" धनराजला त्याची कीव आली. भीतीची जातकुळी तो लांबून ओळखायचा.

परतताना रशिदाबाईने घाण्यावरून मूठभर ढेप मागून घेतली, तेल निघाल्यावर उरलेला चोथा. मोगऱ्याला घालायला, म्हणाली. दहा दिवसांत कोणी ढेप नेली का, तेही विचारलं.

"विकली नाई," नानाजी म्हणाला. "घाण्यावर पोचूच असते. त्याले विचारा."

मग तिने वच्छलाच्या अंगणातून बुडाला भोक पडलेलं एक मडकं शोधलं आणि घरात जाऊन काहीबाही केलं. बाहेर आली तेव्हा भोक बुजवलेलं होतं आणि मडकं पाण्याने काठोकाठ भरलेलं. चावडीपुढच्या चिंचेला तिने ते टांगलं.

"हे काऊन?" धनराजने विचारलं.

"पाखरांसाठी."

भुताच्या तपासात पाखरांची एवढी काळजी त्याला पटली नाही.

*

पोचू ओसरीवर होता. रोडका, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दहा दिवस झोपला नसावा. त्याने आपणहून पाट दिला. पाट एकच. धनराज अंधारात खाटेखाली चाचपडला, हाताला कोळ्याचं जाळं लागलं, ते धोतराला पुसून त्याने एक लाकडाचा ठोकळा ओढला आणि त्यावर बसला.

"तुमाले भीती नाई वाटत पाण्यात उतराले?" त्याने पोचूला विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"वाटते जी. पण पाणकर हाय. करा लागते."

"खुंटी कोणती ठोकता?" रशिदाबाईने विचारलं.

"डोमाचीच. ऐनाच्या लाकडाची. रोज सांजेला ठोकतो, पहाटे काठाले पडून राह्यते. उचलून आणतो." त्याने धनराजकडे बोट दाखवलं. "भाऊ बसले तेच."

धनराज विंचू चावल्यासारखा उठला, पण धोतर उठेना. काठ खुंटीच्या भेगेत अडकला होता. रशिदाबाईने तो सोडवला. बोट जाईल एवढी भेग होती.

"पाणकरीबद्दल मिळणारं शेतही आता तुमच्याकडे?"

"अजून नाई. दोन एकर हाय. वहिनी गावात हाय तवर ते तिच्याकडेच. रीत हाय गावाची."

"हात दाखवा बघू," ती म्हणाली, एखाद्या नव्या नवरीला म्हणावं तसं. पोचूने गोंधळून हात पुढे केला. तळवा पांढराफटक, सालटं निघालेला.

"पाण्यात काम," तो म्हणाला आणि हात मागे घेतला.

*

ऊन कलंडलं तसं गाव चावडीपुढे जमलं. माणसं एकमेकांना चिकटून उभी होती. वच्छला एकटी, तिच्याभोवती दहा हातांची रिकामी जागा. काही पोरांच्या हातात गोटे होते. धनराज त्या रिकाम्या जागेच्या काठावर थांबला, आणि मग आत जाऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

नानाजी बोलायला उठला आणि तेवढ्यात चिंचेखाली आवाज झाला.

मडक्यातून पाणी सुटलं होतं. आधी थेंब, मग बोटाएवढी धार, मग भसकन सगळंच. मडक्याजवळ कोणी नव्हतं.

एक बाई किंचाळली. गर्दी मागे सरली.

"थांबा," रशिदाबाई म्हणाली. "हे भूत मी केलं. दुपारी, हाताने. मूठभर ढेप भोकात ठासून भरली, वरून चिखल लिंपला. ढेप पाणी पीत गेली, फुगली, सुटली. माझ्या मडक्याले तीन तास लागले. तुडुमाले रात्रभर लागत असेल."

दोन-चार जण वाकून मडक्याकडे बघू लागले.

"टोळीच्या ढेपेनं मासे मरतात, पाण्याले फेस येते. हे तुमाले माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण दहा दिवसांत तुमच्यातलं कोणी कालव्याशी वाकलं नाई. मेलेले मासे लांबून पाहिले अन् अपशकून म्हणाले. मासे कालव्यातच मेले, तळ्यात नाई. काऊन? ढेप भोकातून खाली वाहते, वर नाई. चिखलात पाऊल कसं दिसेल? पहाटे भोक उघडाले कोणी जातच नव्हतं. सांजेला जो बुजवत होता, तोच उघडत होता."

माना हळूहळू वळल्या.

"मी तं खुंटी ठोकतो," पोचू म्हणाला. "डोमाची."

"रोज रात्री पाण्यात राहणारं लाकूड फुगते, त्याच्या भेगा बुजतात, पोचूभाऊ. तुमच्या खुंटीले एवढी भेग की आमच्या भाऊंचं धोतर अडकलं. त्यांच्या हाताले कोळ्याचं जाळं लागलं ते तिच्यावरचंच. दहा दिवस ती खाटेखालून हलली नाई. अन् तुमचे हात. घाण्यावरच्या माणसाचे हात तेलानं मऊ असतात. तुमचे सोललेत. रोज ओली ढेप ठासली की सोलतात."

पुढचं बोलताना तिने वच्छलाकडे पाहिलं.

"आता डोमाभाऊ. पाणी चोरून सोडणारा माणूस हाताले दुपट्टा कशाले गुंडाळेल? उघडायले खुंटी ओढा लागते. तो उघडाले नाई, बुजवाले गेला होता. तापात पाण्याचा आवाज आयकला. जाऊन पाहते तं भोक वाहते अन् खुंटी जागेवर नाई. आदल्या सांजेला ज्यानं भोक बुजवलं, त्याच्या घरी होती ती. मग त्यानं अंगावरचा दुपट्टा हाताले गुंडाळला अन् तोच भोकात घातला. तुमचं धान वाचवाले. पाण्यानं हात ओढला. माउलीनं नाई."

वच्छला खाली बसली.

पोचूही बसला. बराच वेळ तो जमिनीशीच बोलत असल्यासारखा बोलला.

"मारायचं नव्हतं जी. मले वाटलं, रातभर पाणी वाहिलं तं लोक म्हणतील, डोमाच्यानं आता होत नाई. पाणकरी मले देतील, शेत देतील. तो उठून जाईल असं काऊन वाटलं नाई मले?" त्याने सोललेले हात पाहिले. "मग तुमीच म्हणाले, डोमा आला. म्हटलं, वहिनी तरी जाईल. रोज त्या भोकात हात घालतो तं वाटते, आतून तो धरते. रोज. माझ्याएवढं कोणी भेलं नसल या गावात."

पोरांच्या हातांतले गोटे केव्हा खाली पडले, कोणी पाहिलं नाही. नानाजीने दोन माणसांना पोचूपाशी बसवलं, एकाला पोलिसांकडे धाडलं, आणि मग वच्छलाकडे न बघता विचारलं, "आता भोक कोण बुजवल?"

दिवस अजून वितभर होता. पाणी वाहत होतं. कोणी पुढे आलं नाही.

"मले येते," वच्छला म्हणाली. "त्यानंच शिकवलं."

तिने पोचूच्या खाटेखालची खुंटी आणवली. भेग मोठी होती, नुसती बसली नसती. तेव्हा घरातून तिने डोमाचा दुपट्टा आणला आणि खुंटीला घट्ट गुंडाळला. कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक कोणाच्या हाती द्यावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं. धनराजने ते घेतलं, त्याचं त्यालाच कळलं नाही कसं.

ती पाण्यात उतरणार तोच रशिदाबाईने पिशवीतून एक हिरवी बांगडी काढली. वच्छला आपल्या मोकळ्या मनगटाकडे पाहून मागे सरली.

"तुझी नाई," रशिदाबाई म्हणाली. "तळ्याची आहे. नव्या पाणकरानं वाहायची."

वच्छलाने ती खुंटीच्या मानेत अडकवली. छातीएवढ्या पाण्यात जाऊन तिने खुंटी भोकात धरली आणि दगडाने तीन घाव घातले. तिसऱ्याला काच फुटल्याचा बारीक आवाज आला.

मग कालव्याचा आवाज कमी होत होत थांबला. धनराज मात्र ती काठाला लागेपर्यंत दोर घट्ट धरून होता.