बाजूचा जोर

उमरोळीहून बोईसर एकच स्टेशन. पण मला मध्येच सरावलीला उतरायचं असतं, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी नाक्यावरून शेअर रिक्षा पकडते. सकाळी नऊची. रिक्षात सालवडला जाणारे कामगार असतात, हिंदीत बोलत असतात, आणि माझ्या मांडीवरची जाड वही पाहून एखादा तरी विचारतो, "अम्मा, टीचर हो क्या?" मी हो म्हणते. सांगत बसण्यापेक्षा ते बरं.

रस्त्यापासून थोडी आत आमची शेड आहे. पूर्वी ती बांधकामाच्या चाचण्यांची खाजगी प्रयोगशाळा होती. आता एका कॉलेजकडे आहे. पुढच्या भागात सिमेंटचे ठोकळे दाबून फोडतात. मागच्या टोकाला, लोखंडी चौकटीत, एक काँक्रीटचा कॉलम उभा आहे. बारा फूट उंच, सहा इंच रुंद, सहा इंच जाड. त्याच्या डोक्यावर वीस टनांचा दाब आहे, आणि तो १९८६ सालापासून तसाच आहे.

आमच्या कृष्णकांत सरांना एक गोष्ट शोधायची होती. जाड खांब दाबला तर चिरडतो. बारीक उंच खांब दाबला तर चिरडायच्या आधी तो मधेच वाकतो. वजन फार असेल तर एकदम, आणि बेताचं असेल तर हळूहळू, वर्षानुवर्षं. किती वर्षं, किती हळू, हे कुठल्याच पुस्तकात धड नव्हतं. गणित मांडता येत होतं, पण ते खरं की खोटं हे सांगायला कुणीतरी तेवढी वर्षं मोजत बसायला हवं होतं.

सरांनी मोजायला लावलं. मोजणारी मी.

कॉलमच्या कमरेला दोन डायल लावलेले आहेत. एक पूर्व-पश्चिम दाखवतो, दुसरा दक्षिण-उत्तर. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. सरांची शिस्त कडक होती. एकानं डायलपाशी उभं राहून आकडा वाचायचा, दुसऱ्यानं टेबलापाशी बसून तो मोठ्यानं परत म्हणायचा आणि लिहायचा. लिहिणाऱ्यानं डायलकडे बघायचं नाही. वाचणाऱ्यानं वहीकडे बघायचं नाही. सर म्हणायचे, "डोळे दोन ठिकाणी गेले की आकडा आपल्याला हवा तसा दिसायला लागतो."

वाचायची मी. लिहायला विजया.

विजया केळव्याची. मी नकाशे उतरवून काढण्याचा, ट्रेसरचा कोर्स करून लागले होते, ती डिप्लोमा घेऊन आली. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. गोरी नव्हती, फार देखणी नव्हती, पण ती शेडमध्ये आली की सगळे जरा सरळ होऊन बसायचे. सरांना मी एखादी गोष्ट सांगितली तर ते "हं" म्हणायचे. तीच विजयानं सांगितली की पेन काढून लिहून घ्यायचे. मला ती आवडायची, हेही खरंच आहे. डब्यातली वालाची उसळ ती आधी माझ्या झाकणात काढायची. मी ती खायचे आणि मनात म्हणायचे, हिला सगळंच कसं सोपं जातं.

कॉलम उभा केला तेव्हा ओळंबा सोडून त्याचा मुळातला वाकडेपणा मीच मोजला होता. पश्चिमेकडे दोन मिलिमीटर. अशा खांबावर वजन आलं की तो त्याच बाजूला आणखी वाकतो, दुसरीकडे जायला त्याला कारण नसतं.

तो पूर्वेला जायला लागला. पूर्वेला खिडकी होती, खिडकीखाली टेबल, टेबलापाशी विजया.

"आनंदी, ओळंबा चुकला असेल तुझा," सर म्हणाले. सगळ्यांच्या समोर म्हणाले.

ओळंबा चुकला नव्हता. मी तीनदा सोडला होता.

विजयाला मात्र मजा वाटली. "तुझा खांब माझ्यावर लाइन मारतोय गं. विचार त्याला, केळव्याला घर बघायला येतोस का? आई हुंडा देणार नाही म्हणावं, वजन आधीच खूप आहे."

मी हसले. त्या महिन्यात तो आणखी चार घरं पूर्वेला गेला.

नव्वद साली सरांचा निबंध छापून आला. वर दोन नावं, सरांचं आणि विजयाचं. माझं नाव शेवटच्या पानावर, आभारात, वीज मंडळाच्या खाली. वाचनातली सुरुवातीची चूक दुरुस्त करून घेतली आहे, असंही एक वाक्य होतं. विजया दोन्ही हातांनी अंक धरून माझ्याकडे आली. "तुझं नाव वर हवं होतं, मी सरांना म्हटलं होतं," ती म्हणाली. म्हटलं असेलही. मला तिचं ते चांगलं असणंच जास्त लागलं.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती पालघरला गेली. नोकरी सोडली. टेबल रिकामं झालं. मग मीच वाचायची आणि मीच लिहायची. दोनतीन महिन्यांत माझ्या लक्षात आलं की पूर्वेचा काटा थांबला आहे आणि दुसऱ्या डायलचा काटा चालू झाला आहे. कॉलम दक्षिणेकडे वळत होता.

बोईसरहून पालघर दक्षिणेला आहे. पण दक्षिणेला आणखी पुष्कळ काही आहे. मी आकडे लिहिले आणि वही मिटली.

सर गेले. प्रयोगशाळा दोनदा विकली गेली. मी निवृत्त झाले. कॉलम पाडायचा तर आधी वीस टनांचा दाब सोडवायला हवा, आणि ते कसं करायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून तो राहिला. किल्ली माझ्याकडे राहिली. शेड झाडणारी जिवली एकदा म्हणाली, "बाय, मानूस असता तर कवाच बसला असता. याला कोन सांगल का आता पुरे हाय?"

दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात विजया गेली. तेव्हा कुणाला जाऊन भेटण्याचे दिवसच नव्हते. मी घरी खूप रडले. इतकी का रडते, असं माझ्या भावजयीनं दोनदा विचारलं.

*

मागच्या ऑगस्टमध्ये मेघाली आली. विजयाची मुलगी. त्याच कॉलेजात तीन वर्षांपासून पीएच. डी. करते, आणि तिचा विषय हाच कॉलम. मान तिरकी करून ऐकायची सवय आईची.

"मावशी, आई नेहमी म्हणायची, आनंदीच्या वह्या म्हणजे सोनं आहे. द्याल ना?"

अडतीस वर्षांच्या वह्या. मी दिल्या. नाही म्हणायला काय कारण सांगणार? तिनं त्या सगळ्या लॅपटॉपमध्ये घातल्या. कॉलमचे बारीक बारीक तुकडे पाडून ती त्याचं मॉडेल करत होती. खरा खांब इथे उभा आणि तिचा खांब पडद्यावर; दोघे सारखे वाकले की झालं काम. पहिल्या सोमवारी ती खिडकीखालच्या टेबलाशी बसायची, मी आकडा वाचायची, ती परत म्हणायची. आवाजही आईचाच होता. मला पाठ फिरवून उभं राहिलं की बरं वाटायचं.

जानेवारीत मी तिला विचारलं. बरेच दिवस मनात होतं.

"निबंधात माझं नाव येईल ना गं?"

"म्हणजे काय मावशी! आभारात पहिलंच तुमचं."

मी "बरं" म्हटलं आणि वाचन करायला उभी राहिले.

फेब्रुवारीत तिनं मला लॅपटॉपसमोर बसवलं. "एक गंमत दाखवते. अर्थ काही नाही, पण बघा." तिचं मॉडेल खऱ्या कॉलमशी जुळत नव्हतं. तिनं सिमेंटचं म्हातारपण धरलं, पावसाळ्याचा ओलावा धरला, उन्हाळे धरले, डहाणूकडचे भूकंपाचे धक्केसुद्धा धरले. तरी फरक राहत होता. मग तिच्या मार्गदर्शकांनी, ललित सरांनी सुचवलं, समज कुणीतरी कॉलमला बाजूनं ढकलतंय, आणि दर महिन्याला किती ढकलतंय ते कॉम्प्युटरलाच काढू दे.

"आणि जुळलं?"

"शंभर टक्के. चारपाच किलोचा जोर. कुणी तळहात टेकून उभं असावं तेवढा. कमरेच्या उंचीवर." ती हसली. "पण सारखा नाही. मधेच वाढतो. ऑक्टोबर नव्वद. मग मे एक्क्याण्णव. सगळ्यात उंच टोक फेब्रुवारी चौऱ्याण्णव, माझा जन्म! खांबाला पेढे द्यायला विसरलात वाटतं."

मी पडद्याकडे बघत होते. ऑक्टोबर नव्वदला निबंध छापून आला होता. मे एक्क्याण्णवला पालघरला लग्न झालं, मी पोपटी शालू नेसले होते. फेब्रुवारी चौऱ्याण्णवला मी हातानं शिवलेलं झबलं घेऊन बाळ बघायला गेले होते, आणि विजया बाळाला माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली होती, घे, तुझीच आहे. दुसऱ्या दिवशी पहिला सोमवार होता.

"हे शून्य कधीपासून?" मी विचारलं.

"जून एकवीसपासून. दोन वर्षं काही नाही. मग ऑगस्टपासून परत." तिनं बोट टेकवलं. "जानेवारीत तर सात किलो. आणि दिशा परत पूर्वेची, इकडची."

ती ज्या खुर्चीत बसली होती, ती पूर्वेला होती.

"हे असंच वाढलं तर?" मी विचारलं.

"तर वर्षभरात जाईल. तुटेल एकदम." तिनं खांदे उडवले. "आधी जाळी लावू."

"टेबल हलव."

"का?"

"मी सांगते म्हणून हलव, मेघाली."

तिनं टेबल पश्चिमेच्या भिंतीला नेलं, माझं मन राखायला. मार्चमध्ये पूर्वेचा काटा उलटा फिरला होता आणि कॉलम पश्चिमेला निघाला होता. तिनं आकडे परत म्हटले. टेबल कुठे आहे ते तिनं मान वळवून एकदा बघितलं. मग मी बघितलं की ती माझ्याकडे बघते आहे.

त्या महिन्यात मी देवाजवळ बसून स्वतःला पुष्कळ समजावलं. हिनं तुझं काय घेतलं? लेकरू आहे. पण मत्सर समजावून जात नाही. मी डोळे मिटले की शेवटच्या पानावरचं ते वीज मंडळ दिसायचं.

एप्रिलमध्ये फोन आला.

"मावशी, ललित सर म्हणतात, अडतीस वर्षांची वाचनं हेच खरं काम आहे. मॉडेल कुणीही करेल. निबंधात पहिलं नाव तुमचं. आणि ओळंबा चुकला नव्हता, हेही आम्ही लिहिणार आहोत."

मी पलंगावर बसले. "आणि तुझं?"

"माझं नंतर. चार वर्षं केलं मी हे, मावशी. पण ठीक आहे. तुमचा हक्कच आहे."

त्या दिवशी मला खरोखर हलकं वाटलं. माझ्या आत जे इतकी वर्षं रेटत होतं ते थांबलं, हे मला श्वास घेताना कळत होतं. मेघालीचा चेहरा आठवला आणि माया आली, नुसती माया. आता कॉलमही थांबेल, असं मी अगदी शांतपणे म्हटलं.

*

मे महिन्याचा पहिला सोमवार. पत्रे तापले होते. टेबल परत खिडकीखाली आलं होतं.

"आज मी वाचते," मेघाली म्हणाली. "तुम्ही बसा. आता मोठ्या लेखिका तुम्ही."

ती हसून म्हणाली. मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाजूला बसले.

ती डायलपाशी गेली. माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"पूर्व. चारशे बारा."

"चारशे बारा," मी म्हटलं आणि लिहिलं. मागच्या महिन्याचा आकडाही चारशे बाराच होता. थांबला तर खरंच.

वाचन तीनदा घ्यायचं असतं. दुसऱ्या वेळी मी मान वर केली. इतक्या वर्षांत कधी मोडला नव्हता तो नियम मोडला. मोतीबिंदू काढल्यापासून मला लांबचं स्वच्छ दिसतं.

काटा हलत होता.

कॉलमच्या डायलचा काटा महिन्यात हलतो, डोळ्यांना हलताना दिसत नाही. हा दिसत होता. चारशे एकवीस. चारशे बावीस. पूर्वेला.

मेघालीचं नाक काचेपासून वीतभर लांब होतं.

"चारशे बारा," ती म्हणाली.

लिहिणाऱ्यानं जे ऐकलं तेच लिहायचं असतं.

"चारशे बारा," मी म्हटलं.

मग ती वळली. आईसारखी मान तिरकी करून तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी प्रेमानं म्हणाली, "मावशी, खुर्ची जरा पुढे, खांबाजवळ घ्या ना. इथे वारा येतो."