नजर अडखळू नये म्हणून

नागपूरच्या दुकानात भिंतभर टीव्ही लागले होते आणि पुंडलिक ढोबळे सरांना त्यातला सगळ्यात स्वस्त, साधा, मोठा टीव्ही आवडला होता.

"हाच घेऊ," ते म्हणाले. "चष्मा लावला की मला सगळं दिसते."

"बाबा, चष्म्याचीच कटकट नको म्हणून तर आलोय," हेमांगी म्हणाली आणि त्यांना पलीकडच्या पडद्यासमोर घेऊन गेली. तो नेत्रानुसारी पडदा होता. त्याची दृष्टिपूरक आज्ञावली हेमांगीनेच आपल्या कामाच्या प्रयोगशाळेत लिहिली होती. पृष्ठभागावरची सूक्ष्मभिंगे समोरच्या प्रत्येक माणसाकडे वेगळा प्रकाश पाठवत. ज्याच्या डोळ्यात जो दोष, त्याच्या उलट चित्र आधीच वाकवलेलं असे. शेजारच्याला त्याचा पत्ताही लागत नसे.

सरांनी चष्मा काढला. पडद्यावरच्या हरणाच्या पापण्या त्यांना दिसल्या. तरी ते म्हणाले, "मला तो साधाच बरा वाटते." पण हेमांगीने ऐकलं नाही. कुसुमताईंनीही लेकीची बाजू घेतली.

पुढची काही वर्षं संध्याकाळी तिघं त्या पडद्यासमोर बसत. सरांनी चष्म्याचा नंबर तपासायला जाणं सोडलं. क्रिकेटचा चेंडू चष्म्याशिवाय दिसत असताना डॉक्टरकडे कशाला जायचं, असं ते म्हणत आणि ते कुणालाच चुकीचं वाटत नसे.

मग एका सकाळी त्यांच्या स्कूटरची धडक शेजारच्या मेश्राम बाईंना बसली. बाई डाव्या बाजूने रस्ता ओलांडत होत्या. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. "त्या नव्हत्याच तिथे," सर पुन्हा पुन्हा सांगत राहिले. "एकदम उगवल्या." मेश्रामांच्या घरी हे कुणाला पटलं नाही. हेमांगीलाही नाही. ती चिडून म्हणाली, "उगाच खोटं कशाला बोलता, बाबा? लक्ष नव्हतं म्हणा ना." त्यानंतर सर तिच्याशी फारसं बोलेनासे झाले.

कुसुमताईंच्या आग्रहाखातर हेमांगी त्यांना आपल्या मैत्रिणीकडे, डॉ. फरहाना काझींकडे घेऊन गेली. तपासणी झाल्यावर फरहानाने सरांना बाहेर बसवलं.

"काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत," ती म्हणाली. "कडेचं सगळं गेलंय. मध्ये बांगडीएवढं उरलंय. गेलेलं परत येत नाही. बाई त्यांना खरंच दिसल्या नसतील."

हेमांगीने दाराच्या काचेतून बाहेर बसलेल्या बाबांकडे पाहिलं.

"मला एक कळत नाही," फरहाना पुढे म्हणाली. "मोठ्या टीव्हीसमोर रोज बसणाऱ्याला हे जाणवायला हवं होतं. कोपऱ्यातला धावफलक सापडेनासा होतो. माणूस मान फिरवून शोधायला लागतो, घरचे विचारतात, काय झालं."

"ते शोधायला लागले असतील," हेमांगी हळूच म्हणाली. "नजर कुठे अडखळते ते पडदा टिपतो आणि चित्र तिथून काढून डोळ्याच्या शाबूत भागावर टाकतो. त्यांचं क्षेत्र आकसत गेलं तसं त्याने चित्र लहान करत आणलं असेल, अगदी हळूहळू. आम्हाला आमचं पूर्ण दिसत होतं, त्यांना त्यांचं."

"म्हणजे पडद्याला कळलं होतं."

"त्याला रोग वगैरे काही कळत नाही. पाहणाऱ्याला उणीव जाणवू द्यायची नाही, एवढंच मी त्याला शिकवलं होतं."

फरहाना रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "हा रोग घराण्यात उतरतो. तूही बस, तुझे डोळे बघते."

"आज नको. मला व्यवस्थित दिसतं."

घरी आल्यावर तिने बाबांची माफी मागितली. सरांनी नुसती मान हलवली. ही सगळी फसगत कशी झाली ते कुसुमताईंना समजेना, म्हणून हेमांगीने टीव्ही लावला, दोघांना समोर बसवलं आणि स्वतःही बसली.

"मी आता दुरुस्ती बंद करते," ती म्हणाली. "ज्याचे डोळे चांगले आहेत त्याला काही फरक कळणार नाही. फक्त बाबांचं चित्र बदलेल."

तिने बटण दाबलं.

"कडा गेल्या," सर म्हणाले. "बातमी देणारीचं नाक तेवढं दिसते, तेही अंधुक. बाकी काहीच नाही."

कुसुमताई पडद्याकडे निरखून पाहत होत्या. "माझं तर होतं तसंच आहे. तुझं गं?"

हेमांगीचं चित्र वर सरकलं होतं. थोडंसंच, पण सरकलं होतं. तिने दुरुस्ती चालू केली, तसं ते खाली आलं. बंद केली, पुन्हा वर गेलं.

"हेमा, लाव ना पहिल्यासारखं," सर म्हणाले.

तिने लावलं. चित्र जागेवर आलं, स्वच्छ आणि पूर्ण. कुठे काही कमी आहे असं तिला अजिबात वाटेना.